जागा पाहून तोडणाऱ्या मॅडम

प्राचार्यांच्या वाढदिवसाला स्टाफरूममध्ये केक आला होता. पहिला तुकडा त्यांनी स्वतः कापला आणि सगळ्यांत ज्येष्ठ म्हणून सुरी मॅडमच्या हातात दिली, की आता तुम्ही वाटून टाका. मॅडमनी चष्मा वर सरकवला, केककडे नीट पाहिलं आणि विचारलं, "कुठं कापू?"

"कुठंही कापा हो मॅडम."

मॅडमनी सुरी टेबलावर ठेवून दिली. "कुठंही कापाचं असन तं सुरी कायले पायजे? हातानं तोडून घ्या ना." आणि त्या आपल्या खुर्चीवर जाऊन पेपर तपासत बसल्या.

उमरखेडच्या त्या कॉलेजात मी तेव्हा रसायनशास्त्र शिकवायला नवाच लागलो होतो. यवतमाळ शहरातून आलेला, हातात पीएच.डी., डोक्यात थोडी हवा. बाजूच्या सरांना मी हळूच विचारलं, या बाईंचं काही बिनसलंय का? ते बोटावरचं क्रीम चाटत म्हणाले, "नाही हो. त्यांचं पेप्टाइड चालू आहे." पुढे कळलं की मॅडमच्या कुठल्याही न समजणाऱ्या वागण्याला कॉलेजात हेच म्हणतात. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे म्हणत, आणि अर्थ मात्र कोणालाच माहीत नसे.

अर्थ तसा अवघड नाही. अमिनो आम्लं एकाला एक जोडली जाऊन प्रथिनाची लांबच लांब माळ होते. दोन आम्लांमधला सांधा म्हणजे पेप्टाइड बंध. एका माळेत असे शेकडो सांधे असतात आणि दिसायला सगळे सारखेच. तीव्र आम्लात टाकून उकळलं की सगळे तुटतात. त्याला मॅडम "मिरची कुटणं" म्हणायच्या. पण काही रसायनं अशी आहेत, की ती शेकडो सांध्यांतून एका ठरावीक आम्लाजवळचा सांधा हुडकून काढतात, तेवढाच तोडतात आणि बाकीच्या माळेला हात लावत नाहीत. सायनोजेन ब्रोमाइड मेथिओनीनपाशी तोडतं. दुसरं कोणी ट्रिप्टोफॅनपाशी, तिसरं कोणी सिस्टीनपाशी. रसायनशास्त्र शिकलेल्या प्रत्येकानं हे परीक्षेपुरतं पाठ केलेलं असतं. मॅडमना ते पाठ झालंच नाही. त्या दर वर्षी नव्यानं चकित होत. फळ्यासमोर उभ्या राहून म्हणत, "डोळे नाई, डोकं नाई, आन् बरोबर जागेवर जाते. तुमच्यापैकी एकाले तरी एवढं जमते का रे?"

एम.एस्सी.च्या पेपरात कोणी "प्रथिन तुटते" एवढंच लिहिलं की शून्य. मुलं भांडायला येत. मॅडम उत्तरपत्रिका पुढे करत. "कुठं तुटलं? कोणापाशी? काहून तिथंच? हे नाई सांगतलं. मंग काय सांगतलं तू मले?" हीच रीत त्या वर्गाबाहेरही चालवत. ऊस कांड्यावरच मोडायच्या. बिस्किटाचा पुडा दातानं फाडणाऱ्याकडे तुच्छतेनं पाहायच्या आणि त्यावरची लाल पट्टी शोधून देत. कॉलेजातले दोन प्राध्यापक वेळापत्रकावरून वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते, मॅडमनी दोघांना समोर बसवलं आणि एकच प्रश्न विचारला, "कोणत्या वाक्यापासून बोलणं बंद झालं, तेवढंच सांगा." दोघांनाही ते वाक्य आठवेना. आठवेना म्हणून दोघं आणखी चिडले, ही गोष्ट वेगळी.

मॅडम मूळच्या आर्णीच्या. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची कोणाची छाती नव्हती, मी एकदा आडून विचारलं तर म्हणाल्या, "वेळच नाई भेटला, प्रयोगशाळेचं कुलूप मायाच जवळ होतं." आजोबांनी छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतली होती. त्याचा उल्लेख त्या फक्त एकाच कारणासाठी करायच्या. वर्गात कोणी मान खाली घालून बसलं की म्हणायच्या, "आमच्या घरात छप्पन सालापासून प्रश्न विचाराची परवानगी आहे. तुमच्या घरी नसन तं इथं घ्या." विद्यार्थ्यांसमोर मला त्या "सर, तुम्ही" म्हणत. दार बंद झालं की लगेच "काय रे".

त्यांच्या शिकवण्यातली खरी गंमत म्हणजे मणी. आठवडी बाजारात बांगड्यावाल्याकडून त्यांनी वीस जातींचे मणी जमवले होते, प्रत्येक अमिनो आम्लाला एक जात. मेथिओनीनचा मणी पिवळा, सिस्टीनचा काळा. एम.एस्सी.च्या पोरींना पहिल्या महिन्यात प्रथिनांच्या माळा ओवाव्या लागत आणि मग मॅडम कात्री देऊन विचारत, अमुक रसायन टाकलं तर किती तुकडे होतील, कापून दाखव. चुकीच्या जागी कात्री चालली की मणी घरंगळत टेबलाखाली जात आणि ते वेचायला जिची चूक तिलाच वाकावं लागे.

फुलसावंगीकडच्या एका बंजारा तांड्यावरची ज्योती या मण्यांत सगळ्यांत तरबेज होती. तिच्या घरात आजीपासून कपड्यांवर कवड्या आणि आरसे टाकायची सवय, त्यामुळे बोटं चालायची. एकदा तिचे वडील मोटारसायकलवर कॉलेजात आले, मुलगी नेमकं काय शिकते ते पाहायला. डोक्याला रुमाल बांधलेले, दारातूनच त्यांनी पाहिलं तर ज्योती मणी ओवतेय.

"मॅडम, हे तं घरी बी करते तिची याडी," ते म्हणाले. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. "याच्यासाठी एसटीचा पास काढला का म्या?"

"घरी ओवते. इथं तोडाले शिकून राह्यली," मॅडम म्हणाल्या.

वडील जरा घाबरले. मुलगी तोडायला शिकतेय, हे तांड्यावर कसं सांगायचं याचा ते विचार करत असावेत. मॅडमनी त्यांना स्टूलवर बसवून अर्धा तास सगळं समजावलं. त्यांना किती समजलं कोण जाणे, पण जाताना ते म्हणाले, "उमरखेडवरून सांजच्या गाडीनं पोरगी घरी येते, तोवर शिकवतो मॅडम. अमरावती नाई, नागपूर नाई. लहानी बी हाय मागं, तिले बी इथंच धाडीन." ते गेल्यावर मॅडम बराच वेळ खिडकीशी उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "ऐकलं? हे एम.एस्सी.चं केंद्र बंद झालं की या पोट्ट्यांचं शिक्षण बी.एस्सी.लेच संपलं."

केंद्र बंद होण्याची भीती उगाच नव्हती. आदल्या वर्षी विद्यापीठाची समिती येऊन गेली होती आणि तिनं शेरा मारला होता की इथला एम.एस्सी.चा वर्ग फळ्यावर चालतो, प्रत्यक्ष प्रयोग होत नाहीत आणि प्रयोगशाळेत प्रशिक्षित कर्मचारी नाही. पुन्हा एक संधी दिली होती. समिती येत्या मे महिन्यात परत येणार होती आणि त्या वेळी समाधान झालं नाही तर पदव्युत्तर केंद्र बंद.

फळ्यावर चालतो हे काही अंशी खरंच होतं. सायनोजेन ब्रोमाइड जीवघेणं विष आहे आणि धूर बाहेर ओढणारं कपाट आमच्याकडे नव्हतं. मॅडम ती बाटली कॉलेजच्या फाटकातून आत येऊ द्यायला तयार नव्हत्या. "लोकायच्या पोरी आहेत," एवढंच म्हणायच्या. पण त्यांनी दुसरी वाट शोधून काढली होती आणि तिचा त्यांना फार अभिमान होता. ॲस्पार्टिक आम्लाच्या पाठोपाठ प्रोलीन आलं तर त्या दोघांमधला सांधा इतर सांध्यांपेक्षा नाजूक असतो. त्याला विष लागत नाही. साधं फॉर्मिक आम्ल पुरतं, म्हणजे मुंगीच्या डंखात असतं तेच, आणि चाळीस अंशांच्या आसपासची ऊब दोन-तीन दिवस. विद्यापीठातल्या एका मैत्रिणीनं त्यांना असं प्रथिन दिलं होतं, ज्यात ही जोडी एकदाच येते. म्हणजे बरोबर दोन तुकडे, एक मोठा, एक लहान.

अडचण उबेची होती. आमचा इन्क्युबेटर विजेच्या चढउतारानं सारखा बंद पडायचा. मॅडमनी त्यावर जो उपाय काढला, त्यामुळे त्या कॉलेजात कायमच्या वेड्या ठरल्या. प्रयोगशाळेच्या मागं पत्र्याची एक खोली होती, जुनी बाकं टाकायची. मे महिन्यात तिथं माणूस उभा राहू शकत नसे. मॅडम डोक्याला ओला टॉवेल गुंडाळून तिथं थर्मामीटर घेऊन बसायच्या. दोन उन्हाळे त्यांनी त्या खोलीचा अभ्यास केला. कोणत्या भिंतीशी किती तापतं, खाली वाळूची पेटी ठेवली तर रात्रीही ऊब कशी टिकते, सगळं पाहिलं. अख्खं उमरखेड सावली शोधत असताना ही बाई ऊन जपत होती. आणि खरोखर मागच्या उन्हाळ्यात नळीतलं प्रथिन त्या खोलीत बरोबर त्याच सांध्यावर तुटलं. जेलवर दोन स्वच्छ पट्टे आले. जेल म्हणजे पारदर्शक लिबलिबीत पातळ वडी. तिच्यातून वीज सोडली की लहान तुकडा पुढे पळतो, मोठा मागं राहतो. त्या जेलचा फोटो मॅडमनी मोबाइलमध्ये ठेवला होता आणि भाजीवाल्यालाही दाखवला होता.

"यवतमाळ जिल्ह्याले देवानं मे महिना फुकट देल्ला," त्या म्हणायच्या. देव मानत नसल्या तरी बोलताना चालवून घेत.

इथं काकांबद्दल सांगायला हवं. काका आमच्या प्रयोगशाळेचे परिचर, कंत्राटी, शाळा जेमतेम शिकलेले. मॅडमवर त्यांचा फार जीव. मॅडमना मधुमेह होता आणि त्यांची इन्सुलिनची बाटली स्टाफरूमच्या फ्रिजमध्ये असायची. उन्हाळ्यात वीज गेली की फ्रिज कोमट व्हायचा. तेव्हा काका धावत जाऊन बाटली ओल्या फडक्यात गुंडाळायचे, मातीच्या भांड्यात ठेवायचे आणि फडकं वाळलं की पुन्हा भिजवायचे. मॅडम सगळ्यांना सांगायच्या, "काकायनं मले जिवंत ठेवलं आहे." काका मग दिवसभर खुशीत असायचे.

इन्सुलिन टोचून घेतानाही मॅडम शिकवायच्याच. पहिल्यांदा जेव्हा ते जिवाणूंकडून बनवून घेतलं, तेव्हा ते एका मोठ्या प्रथिनाला चिकटून तयार होत होतं. वेगळं कसं करायचं? तर सांध्याच्या जागी मुद्दाम एक मेथिओनीन घातलं. इन्सुलिनमध्ये स्वतःचं मेथिओनीन नाही, त्यामुळे सायनोजेन ब्रोमाइड टाकलं की घाव त्या घातलेल्या जागीच बसतो, मोठ्या प्रथिनाचे तुकडे होतात आणि इन्सुलिन अख्खं सुटून येतं. आता इन्सुलिन दुसऱ्या रीतीनं बनवतात, हेही त्या सांगत, पण ते सांगताना त्यांचा आवाज पडायचा.

समिती सोमवारी येणार होती. शुक्रवारी मॅडमनी ज्योतीच्या हातून नळी तयार करून घेतली, पत्र्याच्या खोलीत वाळूच्या पेटीत ठेवली आणि दार लावलं. रविवारी आर्णीला भाच्याचं लग्न होतं. एकुलती एक आत्या म्हणून त्यांना जाणं भागच होतं. शनिवारी निघताना किल्ली काकांकडे देऊन म्हणाल्या, "खोलीवर लक्ष ठेवजा. लय मोलाची नळी आहे."

सोमवारी सकाळी त्या लग्नाची मेंदी हातावर घेऊन आल्या. काकांनी वाळूच्या पेटीतून नळी आणून दिली. ज्योतीनं तिच्यातलं आम्ल काढून टाकलं, समितीच्या तीन सदस्यांसमोर जेल भरला आणि वीज सुरू केली. सगळं छान चाललं होतं. अध्यक्ष वयस्कर, सभ्य गृहस्थ होते, सारखा रुमालानं घाम पुसत होते. "मॅडम, इन्क्युबेटर कुठं आहे?" त्यांनी विचारलं. मॅडमनी खिडकीतून पत्र्याची खोली दाखवली आणि सगळी हकीकत सांगितली. अध्यक्ष चक्क हसले. "हे मी कुठं पाहिलं नव्हतं," म्हणाले. मग संस्थेचे पदाधिकारी त्यांना जेवायला घेऊन गेले.

जेल रंगवून धुतला तेव्हा खोलीत आम्ही चौघं होतो. मॅडम, ज्योती, काका आणि मी. जेलवर एकच पट्टा होता. न कापलेल्या प्रथिनाच्या शेजारी कापलेलं म्हणून जे ठेवलं होतं, ते हुबेहूब तसंच. डोळे ताणले तर खाली काहीतरी पुसट दिसत होतं, पण ते पाहायलाही आधी विश्वास हवा होता.

मॅडमनी रिकामी नळी हातात घेतली, फिरवून पाहिली, मग काकांकडे वळल्या. नळीवरचं नाव ओलाव्यानं पसरलं होतं.

"काका, नळीले पाणी कसं लागलं?"

"मॅडम, म्या फडकं गुंडाळलं ना," काका अगदी विश्वासानं म्हणाले. "शनिवारी दार उघडून पाह्यलं तं आत भट्टी. म्हटलं, मॅडमचं औषध खराब होईन. ओल्या फडक्यात ठेवली, दिवसा दर तासानं भिजवली, राती बी उठून येऊन गेलतो. आज सकाळी काढून पुसून देल्ली."

ज्योतीनं तोंडावर हात ठेवला. मला तर हसावं की काकांची मान धरावी, कळेना. बाहेर त्रेचाळीस अंश, आणि आमची नळी माठातल्या पाण्यासारखी गारेगार.

तेवढ्यात प्राचार्य आत आले. जेवणं आटोपत आली होती. त्यांनी जेल पाहिला, आमचे चेहरे पाहिले आणि त्यांना सगळं समजलं. मॅडमच्या मोबाइलकडे बोट दाखवून ते म्हणाले, "मागच्या वर्षीचा फोटो आहे ना? तोच आजचा म्हणून दाखवा. खोटा थोडाच आहे? तुमच्याच प्रयोगाचा आहे."

"मागच्या वर्षीचा म्हणून दाखवीन," मॅडम म्हणाल्या. "आजचा म्हणून नाई."

"मग हे गेलं समजा. केंद्र गेलं." प्राचार्य काकांवर धावून गेले. "या माणसाला आधी बाहेर काढा. समितीला स्पष्ट सांगतो, की परिचरानं घोळ घातला."

"आन् मंग ते काय लिहितीन?" मॅडमनी शांतपणे विचारलं. "मागच्या वेळीच लिहून गेले, प्रशिक्षित कर्मचारी नाई. आता पुरावाच देता का त्यायले? प्रयोगशाळेत दोष निघाला तं केंद्र जाईन. माणसात निघाला तं माणूस जाईन." मग काकांकडे वळून, मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता इतक्या कडक आवाजात, "काका, तुम्ही चहा सांगाले जा. आन् चहा घेऊनच परत या."

काका गेले. मला वाटतं, मॅडम काय करणार आहेत हे माझ्या आधी ज्योतीच्या लक्षात आलं. ती काहीतरी बोलणार होती. मॅडमनी तिच्या हातात जेलची पेटी दिली. "तू फक्त प्रथिनाचं सांग. खरं खरं सांग. बाकी मायं काम आहे."

समिती आली. ज्योतीनं जेल दाखवला आणि न अडखळता सांगितलं, की बंध तुटलेला नाही, कारण तापमान खाली आलं. आम्ल तेच होतं, वेळ तीच होती, पण ऊब नव्हती. आणि उबेशिवाय हा सांधा इतरांसारखाच टिकतो, हे आज आपोआप सिद्ध झालं. मग तिनं मागच्या वर्षीचा फोटो मागच्या वर्षीचा म्हणून दाखवला. सदस्यांनी तिला उलटसुलट विचारलं. तिनं उत्तरं दिली. एका प्रश्नाला "माहीत नाही सर, पण उद्या करून पाहता येईल" असं म्हणाली, तेव्हा अध्यक्षांनी मान डोलावली.

"पण तापमान खाली आलं कसं?" त्यांनी विचारलं.

"मीच ओलं फडकं गुंडाळलं," मॅडम म्हणाल्या. "नळी तापून खराब होईल असं वाटलं."

सकाळी ज्या बाईनं या माणसाला खोलीचं तापमान भिंतीगणिक सांगितलं होतं, तीच हे म्हणत होती. अध्यक्षांनी चष्मा काढला. "मॅडम, तुम्ही? इतकी वर्षं शिकवून ही चूक?"

"वय झालं सर," मॅडम म्हणाल्या आणि ओशाळल्यासारखं हसल्या. नाटक त्यांना अजिबात येत नसे. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात त्यांना झाडाचीसुद्धा भूमिका कोणी दिली नसती. पण त्या दिवशी त्या इतक्या सहज म्हाताऱ्या झाल्या की मलाच एक क्षण खरं वाटलं. काका चहाचा ट्रे घेऊन दारात उभे होते. त्यांना प्रमाण मराठीतलं सगळं समजत होतं.

समिती गेल्यावर मी मॅडमना म्हणालो, की फोटोच्या बाबतीत इतका हट्ट धरलात आणि मग सरळ खोटं बोललात, हे कसं?

"प्रथिनाबद्दल खोटं बोलाचं नाई रे," त्या जेल धुता धुता म्हणाल्या. "स्वतःबद्दल चालते."

जूनमध्ये निर्णय आला. केंद्र चालू ठेवावं. विद्यार्थ्यांची तयारी चांगली आहे, प्रयोग स्थानिक परिस्थितीला धरून आहेत, संस्थेनं चांगला इन्क्युबेटर घ्यावा. आणि विभागप्रमुखांच्या, म्हणजे मॅडमच्या, हातून मूलभूत निष्काळजीपणा झाल्याचं दिसून आल्यामुळे पदव्युत्तर वर्गाचं काम त्यांच्याकडून काढून दुसऱ्या अध्यापकाकडे द्यावं. दुसरा अध्यापक म्हणजे मी. मॅडमना बी.एस्सी. पहिल्या वर्षाची क्षारपरीक्षा देण्यात आली. त्यात रंगावरून धातू ओळखायचा, हिरवा रंग आला तर तांबं, निळा आला तर कोबाल्ट. तिथं प्रथिनाचा संबंध नाही.

मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, आणि पद नाकारायची हिंमत झाली नाही असंही नाही. नाकारायला गेलोच होतो. मॅडमनीच हाकलून दिलं. "तू नाई म्हटलं तं बाहेरून कोणी आणतीन, त्याले मणी कोण समजावीन?" मण्यांचे वीस डबे त्यांनी स्वतः माझ्या टेबलावर आणून ठेवले. काका पुढे बरेच दिवस त्यांच्या समोर यायला धजत नव्हते. एकदा मॅडमनीच त्यांना हाक मारली आणि इन्सुलिनची बाटली त्यांच्या हातात देऊन म्हणाल्या, "वीज गेली आहे, दिसत नाई का तुमाले?" काकांनी फडकं शोधायला जी धाव घेतली, ती पाहून व्हरांड्यातली पोरं हसली.

ऑगस्टमध्ये मी पेप्टाइडचा धडा घेत होतो. ज्योती शेवटच्या वर्षाला होती. पहिल्या वर्षाला आसपासच्या गावांतून आणि तांड्यांवरून आलेल्या मुली होत्या. सायनोजेन ब्रोमाइडचं शिकवायचं होतं. मी फळ्यावर माळ काढली, मेथिओनीनला गोल केला, तुटण्याच्या जागी बाण मारला आणि वळलो तर दाराबाहेर मॅडम उभ्या. हातात पहिल्या वर्षाच्या जर्नल्सचा गठ्ठा. किती वेळच्या उभ्या होत्या माहीत नाही.

मी बाहेर आलो. "मॅडम, आत या ना. तुम्हीच घ्या आजचा तास."

"नाई. तास तुमचा आहे, सर." दार उघडं होतं, म्हणून मी सर होतो. मग थोडं पुढे झुकून हळूच म्हणाल्या, "बाण डावीकडं मारला तुम्ही. मेथिओनीनच्या उजवीकडं तुटते."

त्यांनी माझ्या खांद्यावरून वर्गात पाहिलं. एकेका बाकावरून त्यांची नजर सावकाश मागच्या भिंतीपर्यंत गेली.

"बाकं भरली," त्या म्हणाल्या.

"हो मॅडम. मागं दोघींना स्टूल द्यावे लागले."

"मंग झालं." त्यांनी गठ्ठा दुसऱ्या हातावर घेतला आणि जिन्याकडे वळल्या. खाली पहिल्या वर्षाची पोरं गोंधळ घालत होती, त्यांच्यावर ओरडल्याचा आवाज आला. मी आत गेलो, बाण पुसला आणि उजवीकडे काढला.